१९६९ च्या शेव्हर्ले शेव्हेलमधील टर्बो ४०० ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला कोणता ऑइल कूलर पुरेसा ठरेल?

टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलाच्या साहाय्याने गिअरबॉक्सकडे नेणारा भाग) जास्त स्टॉलचा, म्हणजे गाडी ब्रेकवर थांबलेली असताना इंजिनला जास्त वेगाने फिरू देणारा बसवलेला असेल, तर स्टॅक्ड प्लेट प्रकारचा (एकावर एक रचलेल्या पातळ प्लेटांचा) मोठा कूलर घ्यावा आणि तेल आधी रेडिएटरमधल्या मूळ कूलरमधून, मग या नव्या कूलरमधून जाईल अशी जोडणी करावी. गिअरबॉक्सची बहुतेक उष्णता कन्व्हर्टरच्या स्लिपमधून (त्याच्या दोन बाजूंच्या फिरण्याच्या वेगातील फरकामुळे) येते. म्हणूनच केवळ इंजिनची अश्वशक्ती पाहून आकार ठरवणे चुकीचे आहे, स्टॉलचा आकडा आणि गाडीचे वजन पाहणे अधिक महत्त्वाचे. तेवढ्याच जागेत प्लेटचा कूलर जुन्या ट्यूब-फिन (नळी आणि पातळ पत्र्यांच्या) कूलरपेक्षा बरीच जास्त उष्णता काढतो. गिअरबॉक्सच्या तळाच्या पॅनमधले तेल साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअसवर राहावे. डिपस्टिकवरचे लाल तेल तपकिरी दिसू लागले आणि त्याला जळका वास येऊ लागला, तर ते आधीच खराब झालेले असते. कडक थंडीच्या प्रदेशात मात्र थर्मोस्टॅटचा बायपास (तेल थंड असताना ते कूलरला वळसा घालून नेणारी झडप) जरूर बसवावा, कारण तिथे तेल प्रमाणाबाहेर थंड राहते.