पहिल्यांदाच केजन सीफूड बॉइल करताय?

म्हणजे अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याच्या पद्धतीने मसालेदार पाण्यात सीफूड, बटाटे आणि मका एकत्र उकडताय? मग सुरुवातीलाच जिवंत क्रॉफिशच्या (गोड्या पाण्यातल्या, छोट्या लॉबस्टरसारख्या जिवाच्या) मागे लागू नका. लुइझियानातही त्यांचा खरा हंगाम साधारण फेब्रुवारी ते मे. सालासकट मोठी कोळंबी घ्या, धाकधूक कमी होते.

सगळं ठरतं ते पाण्यात. रश्श्याला घालतो तेवढं मीठ इथे पुरत नाही, कारण हे पाणी आपण पिणार नसतो. बटाट्याच्या पोटापर्यंत चव त्यानेच पोचायची असते. उकळी आली की चमचाभर चाखा, जरा जास्तच खारट-तिखट लागायला हवं. मसाल्याची पुरचुंडी तयार मिळते. ती उघडलीत तर आत आपलीच मंडळी दिसतील: मोहरी, धणे, तमालपत्र, लवंग. वरून कायेन मिरचीची पूड, अर्धी चिरलेली लिंबं आणि आडवा कापलेला लसणाचा अख्खा गड्डा.

आधी लहान बटाटे, 15 मिनिटं. मग आंदुई सॉसेजचे (धुरी दिलेल्या मसालेदार पोर्क सॉसेजचे) तुकडे आणि मक्याची कणसं, आणखी 7-8 मिनिटं. कोळंबी अगदी शेवटी. दोन-तीन मिनिटांत ती गुलाबी होऊन चंद्रकोरीसारखी वळते, तिथेच गॅस बंद करा. गोल वेटोळं होईपर्यंत थांबलात तर चिवट झालीच म्हणून समजा. माझी पहिली दोन पातेली अशीच गेली, फार वाईट वाटलं होतं.

आता थोडा बर्फ टाका आणि 10 मिनिटं मुरू द्या. घाई करू नका, मसाला आत शिरतो तो याच वेळात.

ताटं काढूच नका. टेबलावर जाड कागद पसरा, पाणी निथळून सगळं मधोमध ओता आणि हातानेच खा.