सापळा लावून पकडलं तर आरोपी सुटतो का? आणि पोलिसांपुढच्या कबुलीचं काय?

प्रश्न दोन आहेत. पोलिसांनी सापळा लावून पकडलं तर ‘मला अडकवलं’ म्हणून सुटता येतं का, आणि पकडल्यावर माणूस स्वतःच ‘घेतले’ म्हणाला तर ते कोर्टात चालतं का. मी वकील नाही. पण एका लाचेच्या सापळ्यात पंच, म्हणजे पोलिसांच्या कारवाईचा त्रयस्थ साक्षीदार, होतो, आणि त्यावरून माझा साडू मला आजही ‘फितूर’ म्हणतो.

2009 चा मार्च. मी सरकारी नोकरीत. साहेबांनी पत्र हातात ठेवलं, पंच म्हणून जा. तिथे माझ्यासमोर तक्रारदाराच्या नोटांचे नंबर लिहिले, त्यांना अँथ्रासीन पावडर लावली. खास दिव्याखाली ती निळसर चमकते. मला एकच काम: तक्रारदाराला चिकटून राहायचं आणि मागणीचे शब्द कानांनी ऐकायचे.

आरोपीने बोलावलं स्वारगेटजवळच्या एका रसवंतीत. भर दुपारी! चरकाला बांधलेले घुंगरू एकसारखे वाजतायत. आरोपीचे ओठ हलले, तक्रारदाराने नोटा दिल्या, त्या खिशात गेल्या. हे मी पाहिलं. शब्द एकही ऐकला नाही. मग सगळे धावले. दिव्याखाली त्याची बोटं चमकली आणि तो हात जोडून रडायला लागला, “चुकलो साहेब, पहिल्यांदाच घेतले.”

पाच वर्षांनी शिवाजीनगर कोर्टात साक्षीला उभा राहिलो तेव्हा कळलं, त्या रडण्याची किंमत शून्य. पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. हे 1872 च्या पुरावा कायद्यापासून आहे, आणि योग्यच आहे; चौकीत कबुल्या कशा निघतात हे इंग्रजांनाही ठाऊक होतं. खरी कबुली मॅजिस्ट्रेटपुढची. तो आधी बजावतो की सांगायची सक्ती नाही आणि सांगितलंस तर तुझ्याविरुद्ध जाईल.

उरली मागणी. बचावाच्या वकिलाने विचारलं, ऐकलीत? मी म्हणालो, नाही. पंचनाम्यात मात्र ‘पंचासमक्ष मागणी केली’ असं होतं आणि खाली माझी सही. सरकारी वकिलांच्या मागणीवरून कोर्टाने मला तिथल्या तिथे फितूर, म्हणजे बाजू उलटलेला साक्षीदार, ठरवलं. आरोपी सुटला.

साडूचं म्हणणं, “नोटा सापडल्या, माणूस रडला, आणखी काय पाहिजे? तूच सोडवलास त्याला.” अहो, नोटा सापडणं म्हणजे लाच नव्हे. मागितल्याचं सिद्ध झालं पाहिजे.

तुमचा पहिला प्रश्न इथेच येतो. अमेरिकेत ‘सरकारनेच गुन्हा करायला लावला’ हा वेगळा बचाव आहे, तिथल्या सुप्रीम कोर्टाने तो 1932 मध्ये मान्य केला. आपल्याकडे तसा बचाव नाही. माणसाने आधी मागितलं आणि मग सापळा लावला, तर तो कायदेशीर. पण देणाऱ्याकडे पैसेच नव्हते, ते पोलिसांनीच पुरवले, यावर आपल्या सुप्रीम कोर्टाने 1954 मध्ये पोलिसांचे कान उपटले होते: तुमचं काम गुन्हा थांबवण्याचं, घडवण्याचं नाही.

हो, एक राहिलं. कबुलीतून एखादी वस्तू सापडली, म्हणजे आरोपीने सांगितल्या जागी चाकू मिळाला, तर तेवढा भाग चालतो. 1 जुलै 2024 पासून पुराव्याचा कायदा नवा आहे, भारतीय साक्ष्य अधिनियम; त्याचं कलम 23 बघा, गाभा तोच. आणि 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितलं की तक्रारदार फितूर झाला किंवा वारला तरी मागणी परिस्थितीजन्य पुराव्यावरून सिद्ध करता येते. साडूने ती बातमी मला तीनदा पाठवली. पण ‘सिद्ध करता येते’ म्हणजे सिद्ध करायला लागतेच, हे तो वाचत नाही.

तुम्हाला कधी पंच म्हणून बोलावलं तर जा. फक्त पंचनामा ओळ न् ओळ वाचून मग सही करा. मी त्या रात्री नऊ वाजता, शेवटची बस चुकेल म्हणून, न वाचता केली. हे साडूला अजून सांगितलेलं नाही.