वाचकांचे प्रश्न : दुसऱ्या अल्बमची उशिरा पसरलेली कीर्ती

प्रश्न : न्यूट्रल मिल्क हॉटेल या अमेरिकी इंडी रॉक बँडचा ‘इन द एरोप्लेन ओव्हर द सी’ हा दुसरा अल्बम आज श्रेष्ठ अल्बमांत गणला जातो, पण तो निघाला तेव्हा समीक्षकांनी त्याची उपेक्षा केली, असे वारंवार वाचनात येते. यात तथ्य किती? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : तथ्य अर्धेच आहे. १० फेब्रुवारी १९९८ रोजी ‘मर्ज’ या नॉर्थ कॅरोलायनातील छोट्या कंपनीने हा अल्बम प्रसिद्ध केला, तेव्हा पहिल्या अल्बमचा बेताचा खप लक्षात घेऊन सुरुवातीला सुमारे ५,५०० सीडी आणि १,६०० तबकड्याच काढण्यात आल्या होत्या. ‘रोलिंग स्टोन’ या संगीतविषयक मासिकाने हात राखूनच लिहिले, हे खरे, परंतु ‘पिचफोर्क’ या संगीतसमीक्षेच्या संकेतस्थळाने दहापैकी ८.७ गुण दिले आणि ‘व्हिलेज व्हॉइस’ या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकाने घेतलेल्या समीक्षकांच्या वार्षिक कौलात अल्बम पहिल्या विसांत आला. याला उपेक्षा म्हणणे कठीण आहे. फार तर एवढे म्हणता येईल की ज्यांनी त्याची वाखाणणी केली, त्यांनाही तो त्या वर्षीच्या चांगल्या अल्बमांपैकी एक वाटला, त्याहून अधिक काही नाही.

पुढे २००५ साली अल्बम पुन्हा निघाला आणि त्याच ‘पिचफोर्क’ने पूर्ण दहा गुण बहाल केले. मधल्या काळात गायक आणि गीतकार जेफ मँगम जवळजवळ अदृश्य झाला होता. १९९८च्या दौऱ्यानंतर त्याने तिसरा अल्बम केला नाही, मुलाखती क्वचितच दिल्या आणि नाव झाले असताना बल्गेरियातील कोप्रिव्हश्तित्सा येथील लोकसंगीत महोत्सवाचे ध्वनिमुद्रण करून ते प्रसिद्ध केले. इकडे इंटरनेटवर गाणी हातोहात फिरत राहिली. माझ्या मते या मौनाने कीर्तीला मोठाच हातभार लावला, कारण जो कलावंत आपल्या कृतीचा खुलासा करत नाही, त्याच्या वतीने तो करायला श्रोते पुढे सरसावतात. आणि ॲन फ्रँकची डायरी वाचून अस्वस्थ झालेल्या माणसाने लिहिलेल्या या गाण्यांत (एकाचे नावच ‘हॉलंड, १९४५’ आहे) खुलाशाला भरपूर वाव होता. तरीही केवळ दंतकथेवर अल्बम टिकत नाही. ‘ओह कम्ली’ हे आठ मिनिटांहून मोठे गाणे मँगमने एका दमात गायले आहे आणि त्याच्या अखेरीस कंट्रोल रूममधील सहकाऱ्याचा थक्क झालेला उद्गार पुसटसा ऐकू येतो. समीक्षकांच्या आधी मिळालेली ती दाद मला अधिक मोलाची वाटते. २०१३ साली बँड पुन्हा एकत्र आला आणि २०१५पर्यंत कार्यक्रम करत राहिला. नवा अल्बम मात्र आला नाही.

प्रश्न : हाच अल्बम मी तबकडीवर विकत घेतला. गिटारचा आवाज जागोजागी फाटतो. प्रत सदोष असेल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : बहुधा नाही. निर्माता रॉबर्ट श्नायडर याने डेन्व्हर येथील स्टुडिओत अकुस्टिक गिटारचा आवाज मुद्दाम मर्यादेबाहेर चढवून मुद्रित केला, त्यामुळे साध्या लाकडी गिटारलाही घरघर आली. तिच्या जोडीला लग्नाच्या वरातीतल्या बँडसारखी मोकाट पितळी वाद्ये आहेत. मध्येच जो बाईच्या कापऱ्या गळ्यासारखा सूर येतो, तो बँडमधील ज्युलियन कोस्टरने करवतीच्या पात्यावर गज फिरवून काढलेला आहे. खात्री करायची असल्यास पहिली दोन गाणी सलग ऐकावीत. पहिल्यात गिटार बरीच स्वच्छ आहे, दुसरे संथपणे सुरू होऊन मध्येच गर्जू लागते. हा फरक स्पष्ट जाणवला तर प्रत चांगली आहे. पहिले गाणेही तितकेच फाटत असेल, तर आधी सुई तपासावी आणि मगच दुकानदाराकडे जावे.