रंकाळ्यावरून दादा येईपर्यंत

कोल्हापुरातल्या फुलेवाडीच्या एका मुलीचं पत्र आहे. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, विषय गणित. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनरांगेत माणसाला सरासरी किती वेळ उभं राहावं लागतं, याचं सिम्युलेशन करायचा प्रोजेक्ट आहे, म्हणजे ती रांग संगणकावर खोटीखोटी पुन्हा पुन्हा चालवून अंदाज काढायचा. अशी एकेक खेप म्हणजे एक फेरी. गटात चार मुलं आणि ही एकटी. प्रोग्रॅम ज्याचा त्यानं लिहायचा. ती म्हणते:

"मावशी, माझा आकडा दर वेळी १५ मिनिटांनी इकडंतिकडं होतो. मुलांचा तीनच मिनिटांनी. ती विचारतात, प्रोग्रॅम हळू आहे की तू? मलाही आता वाटायला लागलंय, हे आपलं काम नव्हे. एम.एस्सी.च्या प्रवेशपरीक्षेचा, जॅमचा फॉर्म भरायचा सोडून बी.एड. करावं म्हणते. घरचे फार चांगले आहेत, कशाला नाही म्हणत नाहीत. दादा तर रात्री मित्रांबरोबर रंकाळा तलावावर गेला की लॅपटॉप मलाच देतो, ११ ते साडेबारा. तेवढ्यात माझ्या २०० फेऱ्या होतात, मुलं ५००० करतात. आईला ६० हजारांची भिशी लागलीय, त्यातून ती लग्नातल्या माझ्या गळ्यातल्या कोल्हापुरी साजासाठी सोनं घेऊन ठेवणार आहे. सगळे एवढं करतात आणि मलाच जमत नाही. काय करू?"

पोरी, आधी वही उघड. संख्याशास्त्रात तू शिकलीच आहेस: सरासरीतली चूक फेऱ्यांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होते. फेऱ्या चौपट केल्या की चूक निम्मी. आता २०० आणि ५००० घे. पंचवीस पट. पंचविसाचं वर्गमूळ पाच. तुझे १५ मिनिटं भागिले पाच म्हणजे तीन. मुलांचा आकडा बरोबर तेवढाच हलतोय!

हे गणित तुझ्याच पत्रात पडलं होतं आणि तू ते मांडलं नाहीस, याचा मला राग आलाय. परीक्षेत हाच प्रश्न आला असता तर दोन मिनिटांत सोडवला असतास. स्वतःबद्दल असला की तू आकडे बाजूला ठेवतेस आणि चार पोरांचं मत धरून बसतेस. तुझा आकडा हलतोय तो फेऱ्या कमी पडल्यामुळं. फेऱ्या कमी पडतात, कारण साडेबाराला दादा रंकाळ्यावरून परत येतो.

पुढचाही हिशेब कर. दीड तासात २०० तर ५००० फेऱ्यांना साडेसदतीस तास. ज्या मुलाचा स्वतःचा लॅपटॉप आहे तो शुक्रवारी रात्री प्रोग्रॅम सुरू करून जेवायला जातो, पिक्चरला जातो, झोपतो. रविवारी दुपारी त्याच्या हातात उत्तर असतं. तुला त्याच उत्तराला पंचवीस रात्री जागावं लागेल, त्याही एकही खाडा न करता. दिवसभर कॉलेज आणि घरकाम करून, डोळे चोळत. त्यात प्रोग्रॅममध्ये एक चूक सापडली की पुन्हा पहिल्यापासून. चुका करून बघायला वेळच नसेल तर माणूस शिकणार कधी? आणि त्या चार पोरांपुढं हिरमुसून बसणारी तू, रात्रीच्या दीड-दीड तासात त्यांच्याइतकाच बिनचूक प्रोग्रॅम लिहून बसली आहेस.

घरचे फार चांगले आहेत, असं तू लिहिलंस. मला ते पटलेलं नाही. दादा लॅपटॉप "देतो", म्हणजे तो वापरत नसतो तेव्हा तुला मिळतो. याला देणं म्हणत नाहीत. तुझे वडील, आई, दादा, कुणी कधी विचारलं का, की गणित-संगणक शिकणाऱ्या मुलीचं मशीन कुठं आहे? नाही म्हणत नाहीत, हे खरं. पण तू काही मागितलंयस कुठं, त्यांना नाही म्हणायला? याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा पोरांना शाळेत न धाडणाऱ्या आईबापांना महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. जबाबदारी कुणाची, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मंगला नारळीकरांचं नाव तू ऐकलं असशीलच. १९६४ साली मुंबई विद्यापीठात एम.ए.ला गणितात सुवर्णपदक. पीएच.डी. मात्र १९८१ साली. मधल्या सतरा वर्षांत त्यांचं डोकं कुठं गेलं नव्हतं. संसार होता, तीन मुली होत्या, परदेशातली बिऱ्हाडं होती, आणि गणित उरलेल्या वेळात होतं. त्यांनी ते तरीही केलं म्हणून आपण कौतुक करतो. पण उरलेल्या वेळात गणित करायची पाळी तुझ्यावर बावीसाव्या वर्षीच का यावी? लग्न नाही, लेकरं नाहीत, आणि तरी तुझ्या वाट्याला रात्रीचा दीड तास!

तेव्हा एकच काम कर. भिशीचे पैसे साजाला जाऊ देऊ नकोस. त्यातून तुझा लॅपटॉप घ्यायचा.

आईला रडवेल्या तोंडानं सांगू नकोस. वर मांडलेला हिशेब कागदावर लिही, तिच्यासमोर ठेव आणि सरळ म्हण, "आई, साज मागनं कर. मला आत्ता लॅपटॉप पाहिजे." ज्या बाईनं महिन्याच्या महिन्याला भिशी भरली तिला हिशेब कळतो. ती म्हणेल, अगं लग्नात गळा मोकळा दिसेल. दिसू दे. तुझ्या कमाईतून तूच तिला साज करशील, हेही सांग, आणि तसं करही.

एका गोष्टीवर मात्र अडून बस. आपल्या घरांतून हमखास असं होतं, की नवीन वस्तू मुलाला जाते आणि त्याची जुनी मुलीला. "दादाला नवा घेऊ, त्याचा तू वापर, तुला काय फरक पडतो?" असं कुणीतरी म्हणणारच, बहुधा वडील. फरक पडतो. नवा तुझा. सोळा जीबी रॅमचा घे, बिल तुझ्या नावावर कर, पासवर्ड तुझा ठेव.

जॅमचा फॉर्म भर, त्यावर मी जास्त बोलत नाही. तीन तास, साठ प्रश्न, शंभर मार्क, आणि पेपर संगणकावरच असतो. शिकवायची मनापासून ओढ असेल तर बी.एड. उत्तम, चांगल्या गणिताच्या शिक्षिका आपल्याला हव्याच आहेत. पण मुलांचे आकडे कमी हलतात म्हणून बी.एड.ला जाशील तर वर्गातल्या मुलींना काय शिकवशील?

आईशी आजच रात्री बोल. ती गुजरीत सोनं घ्यायला जायच्या आधी. सोनं एकदा घरात आलं की ते मोडायला कुठलीच आई तयार होत नाही.