शेड पास झाली, पण बीटा किती?

प्रश्न (श्रीवर्धन) : बंदराजवळच्या मासळी-शेडचे डिझाइन स्टाड या रचना-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये पास झाले आहे. २०२०च्या निसर्ग वादळाचा अनुभव असल्यामुळे मालक विचारतात की, बुडातले बोल्ट उपटून शेड जाण्याची शक्यता नक्की किती? त्यासाठी महागडे सॉफ्टवेअर घ्यावे लागेल का?

उत्तर : नाही. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतले पायस्ट्रा हे अपयशाची शक्यता काढणारे पॅकेज फुकट आहे आणि एवढ्या कामाला पुरते. उत्तर बीटा या निर्देशांकात येते; बीटा जितका मोठा, तितकी अपयशाची शक्यता कमी. मॅटलॅब हाताशी असेल तर त्यावर चालणारे यूक्यूलॅबही चांगले.

शक्यता काढण्यासाठी स्टाड लाख वेळा चालवू नका. चौकटीचे विश्लेषण रेषीय (भार दुप्पट तर परिणामही दुप्पट) असेल तर दाब-गुणांक धरून १ किलोन्यूटन प्रति चौ.मी. वाऱ्याची केस एकदाच चालवा आणि खांबाच्या बुडाशी किती उचल येते ते टिपून घ्या. पायस्ट्रात समीकरण इतकेच : बोल्टांची ताकद, अधिक मृतभार (शेडचे स्वतःचे वजन), वजा ही उचल गुणिले वाऱ्याचा प्रत्यक्ष दाब (०.६ × वेगाचा वर्ग ÷ १०००). उत्तर ऋण आले की बोल्ट गेला.

खरी गफलत वाऱ्यात होते. आयएस ८७५ भाग ३ या वाऱ्याच्या भारांच्या भारतीय मानकातला मूळ वेग ५० वर्षांच्या पुनरावृत्तीचा, म्हणजे सरासरी ५० वर्षांतून एकदा ओलांडला जाणारा असतो. तो सरासरी म्हणून भरू नका आणि नॉर्मल वितरण वापरू नका. कमाल मूल्यांचे गुंबेल घ्या. समजा मूळ वेग ४४ मी./से. आणि वार्षिक कमाल वेगाचा विचलन-गुणांक (प्रमाण विचलन ÷ सरासरी) ०.१५ धरला. मग वार्षिक सरासरी ३१.७ येते, पण ५० वर्षांतल्या कमाल वेगाची सरासरी ४६.२! प्रमाण विचलन दोन्हीकडे ४.७५च. ५० वर्षांत ४४ ओलांडला जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते, त्यामुळे ४६.२ हा आकडा पाहून दचकू नका. वार्षिक वारा भरून आलेला बीटा ५० वर्षांच्या ३.८ या युरोकोडच्या (युरोपीय मानकाच्या) लक्ष्याशी ताडून पाहणे ही मात्र घोडचूक; वर्षाचे लक्ष्य ४.७ आहे.

पॅकेज बदलाल तेव्हा मॅन्युअल उघडाच. पायस्ट्रा गुंबेलसाठी सरासरी आणि प्रमाण विचलन मागते, ओपनटर्न्स हे तसेच दुसरे पॅकेज मूळ रचनेत पसारा आणि स्थान मागते. आकडे चुकीच्या खान्यात गेले तरी प्रोग्राम तक्रार करत नाही.

बोल्टाचा व्यासही चल (बदलता आकडा) म्हणून घ्या. बेसप्लेटखाली खारे पाणी साचून २० मिमीचा दांडा १८ वर आला की क्षेत्रफळ ३१४ वरून २५४ चौ.मिमी होते, म्हणजे १९ टक्के ताकद गेली. फॉर्म या बीटा झटपट काढण्याच्या अंदाजी पद्धतीच्या उत्तरात येणारे अल्फा, म्हणजे कोणत्या चलाचा परिणाम किती ते आकडे, पाहा. व्यासाचा अल्फा मोठा असेल तर जाड सेक्शनपेक्षा ग्राउट (बेसप्लेटखालचा भराव) आणि गॅल्व्हनायझिंगवर खर्च करा.

प्रश्न : फॉर्मचे उत्तर माँटे कार्लोने (यादृच्छिक आकडे घेऊन हिशेब पुन्हा पुन्हा करून) पडताळायला १०,००० नमुने पुरतील का?

उत्तर : बीटा ३.८ म्हणजे लाखात सुमारे ७ वेळा अपयश. १०,०००मध्ये एकही न सापडण्याची शक्यता जवळजवळ निम्मी आणि तसे झाले तर शेड अभेद्य वाटेल. उत्तरातली चूक १० टक्क्यांच्या आसपास ठेवायची तर सुमारे १४ लाख नमुने घ्या. समीकरण साधे असल्याने संगणकाला ते जड नाही.