मेनफ्रेमवरचं लिनक्स कोकणातून सांभाळायचं असेल तर आधी कन्सोल शिका

कुडाळहून विचारलेला तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बरीच वर्षं एक्स८६, म्हणजे नेहमीच्या इंटेल-एएमडी सर्व्हरवर लिनक्स सांभाळलंत, आता मुंबईतल्या ग्राहकाचे मेनफ्रेमवरचे, म्हणजे आयबीएमच्या मोठ्या संगणकावरचे, लिनक्स सर्व्हर घरून बघायचे आहेत. तर नवीन काय शिकायचं, आणि पावसात लाइन गेली तर काय? मी दापोलीत राहून हेच काम करते. माझ्या मते तुमचे दोन्ही प्रश्न एकाच जागी, कन्सोलवर येऊन मिळतात, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

लिनक्स तेच आहे. आयबीएमने डिसेंबर १९९९ मध्ये आपल्या एस/३९० या मेनफ्रेमसाठीचे लिनक्समधले बदल खुले केले आणि पुढे ते मुख्य कर्नलमध्येच आले. सिस्टमडी, एलव्हीएम, एसएसएच, लॉग सगळं ओळखीचं. वेगळं आहे ते खालचं. तुमचा प्रत्येक सर्व्हर झेड/व्हीएम या हायपरवायझरखाली (एकाच यंत्रावर अनेक आभासी यंत्रं चालवणाऱ्या प्रणालीखाली) एक 'गेस्ट', म्हणजे आभासी यंत्र म्हणून चालतो. त्याचा कन्सोल ३२७० या मेनफ्रेमच्या अक्षरी टर्मिनलवर उघडतो, आणि तो फक्त बघायचा पडदा नाही. त्या कन्सोलवर लॉगऑन करणं म्हणजे यंत्राचा ताबा हातात घेणं.

म्हणून पहिली गोष्ट. काम झालं की कन्सोलवर कधीही लॉगऑफ देऊ नका. लॉगऑफ म्हणजे गेस्टची वीजच काढणं. लिनक्स शटडाउन न होता जागच्या जागी जातं. बाहेर पडायचं ते '#सीपी डिस्कनेक्ट' देऊन (सीपी म्हणजे झेड/व्हीएमचा नियंत्रक भाग).

दुसरी गोष्ट परत आत जाताना. 'सेट रन ऑन' केलेलं नसेल, तर डिस्कनेक्ट झालेल्या गेस्टवर पुन्हा लॉगऑन करताच तो 'सीपी रीड'मध्ये, म्हणजे सीपीच्या आज्ञेची वाट बघत थांबतो. म्हणजे तुम्ही नुसतं डोकावलात आणि चालता डेटाबेस गोठला. तसं झालं तर 'बिगिन' द्या, लगेच सुरू होतो. पण 'सेट रन ऑन' गेस्टच्या प्रोफाइल एक्झेकमध्ये (सुरुवातीला आपोआप चालणाऱ्या आज्ञांच्या फाइलमध्ये) आहे ना, हे पहिल्याच दिवशी तपासा. उजव्या कोपऱ्यात 'होल्डिंग' दिसत असेल तर क्लिअर दाबा. तसंच सोडलंत तर कन्सोलवर लिहू पाहणारं कर्नल तिथेच अडकून राहू शकतं.

आता पाऊस. एसएसएच तुटलं तर फक्त तुमचं शेल जातं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. एक्सऑटोलॉग या आज्ञेने, कुणी टर्मिनलवर न बसता सुरू झालेला आणि कुणीच लॉगऑन न केलेला गेस्ट तुमच्या लाइनला बांधलेला नसतो. पण तुम्ही ३२७० वर लॉगऑन असताना लाइन गेली, तर झेड/व्हीएम त्या गेस्टला सक्तीने डिस्कनेक्ट करतं, आणि मूळ सेटिंग तसंच असेल तर १५ मिनिटांनी लॉगऑफही करतं. आपल्याकडे झाड पडून केबल तुटली की १५ मिनिटांत काय परत येतं? २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडच्या गावांत वीज कित्येक दिवस नव्हती. तेव्हा व्हीएम प्रशासकाला विचारा की सिस्टम कॉन्फिगमध्ये 'डिस्कनेक्ट_टाइमआउट' ऑफ आहे का. नसेल तर तो ऑफ करून घेण्याचा आग्रह धरा, लेखी धरा.

दुसरा उपाय तुमच्याच हातात आहे. ३२७० चा क्लायंट घरच्या लॅपटॉपवर चालवूच नका. ग्राहकाच्या डेटा सेंटरमधल्या जंप सर्व्हरवर (आत शिरायच्या मधल्या सर्व्हरवर) टीमक्स, म्हणजे लाइन तुटली तरी सत्र चालू ठेवणारं साधन, उघडा आणि त्यात सी३२७० हा अक्षरी क्लायंट चालवा. कुडाळची लाइन गेली तरी टर्मिनलची जोडणी तिकडे शाबूत राहते. लाइन आली की टीमक्सला पुन्हा जोडून घ्यायचं. ही एकच सवय लावलीत तरी पावसाळा पुष्कळ सुसह्य होतो. नुसते संदेश वाचायचे असतील तर त्या गेस्टवर लॉगऑन न करता सेक्युझरची, म्हणजे त्याचे कन्सोल-संदेश दुसऱ्या वापरकर्त्याकडे पाठवण्याची सोय मागा. आणि कन्सोलच्या ओळ-मोडमध्ये व्हीआय हा पडदाभर एडिटर चालत नाही, तेव्हा नेटवर्क बिघडल्यावर फाइल दुरुस्त करायला एका ओळीच्या आज्ञेने मजकूर बदलणारं सेड तरी हाताशी हवं. आययूसीव्ही (झेड/व्हीएममधला गेस्ट-ते-गेस्ट संवाद) टर्मिनल लावून घेतलंत तर तीही अडचण सुटते: दुसऱ्या एखाद्या गेस्टवरून, नेटवर्कशिवाय, पूर्ण पडद्याचं शेल मिळतं.

डिस्कबद्दल थोडक्यात. ईसीकेडी डॅझडीला (मेनफ्रेमच्या खास पद्धतीच्या डिस्कला) आधी डॅझडीएफएमटी या आज्ञेने फॉरमॅट करावं लागतं, मग एफडॅझडीने विभाग पाडायचे, तेही जास्तीत जास्त तीन. ३३९० मॉडेल ९ ही अशी नेहमीची डिस्क म्हणजे १०,०१७ सिलिंडर, ४ केबीच्या ब्लॉकमध्ये साधारण ७ जीबी, म्हणून एलव्हीएममध्ये डिस्कची रांग दिसली तर दचकू नका. नवी डिस्क आपोआप दिसेलच असं नाही. सीएचझेडदेव या आज्ञेने ती चालू करावी लागते, आणि त्यानेच ती रीबूटनंतरही टिकते. बूटलोडर झिपल आहे.

मेमरीच्या बाबतीत मात्र जुनी सवय मोडावी लागेल. एक्स८६ वर आपण 'असू दे जास्त' म्हणून ६४ जीबी मागतो. इथे सगळे गेस्ट एकाच मेमरीवर जगतात, वाडीतल्या पाटाच्या पाण्यासारखे. लिनक्स उरलेली मेमरी पेज कॅशने भरून टाकतं, ती झेड/व्हीएमला वापरातलीच वाटते, आणि शेजारचे गेस्ट पेजिंगला लागतात, म्हणजे त्यांची मेमरी डिस्कवर जाते. गरजेपुरतीच मागा, आणि थोडा स्वॅप व्हीडिस्कवर, म्हणजे झेड/व्हीएमच्या मेमरीतल्या आभासी डिस्कवर ठेवा. व्हीडिस्क लॉगऑफबरोबर नाहीसा होतो, म्हणून प्रत्येक लॉगऑनला तो नव्याने तयार होतोय ना, तेही पाहा. सीपीयूचंही तसंच. टॉपमधला 'एसटी' आकडा (सीपीयूची वाट बघण्यात गेलेला वेळ) सतत चढा असेल तर व्हर्च्युअल सीपीयू वाढवल्याने प्रश्न सुटत नाही, उलट ओढाताण वाढते; खालचे आयएफएल (लिनक्ससाठी राखलेले) प्रोसेसर किती भरलेत ते आधी विचारा.

एक्स८६ चे बायनरी आणि कंटेनर इमेज इथे चालत नाहीत, 'एक्झेक फॉरमॅट एरर' येतो. एस३९०एक्सची (मेनफ्रेमच्या प्रोसेसरसाठीची) इमेज उपलब्ध आहे का, हे विकसकांना होकार देण्याआधी बघा.

सरावासाठी क्यूईएमयू या एम्युलेटरवर (दुसऱ्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) एस३९०एक्सचं डेबियन चढवा. हळू चालतं, पण झिपलचा हात बसतो. डिस्क तिथे व्हर्टआयओच्या (साध्या आभासी) असतात, म्हणून डॅझडीचा सराव हवा असेल तर हर्क्युलिस एम्युलेटर घ्या. झेड/व्हीएमच्या आज्ञा मात्र ग्राहकाकडूनच शिकाव्या लागतील. रुजू होताना एक चाचणी गेस्ट मागून घ्या, आणि डिस्कनेक्ट, पुन्हा लॉगऑन, बिगिन एवढं त्यावर करून बघितल्याशिवाय प्रॉडक्शनच्या कन्सोलला हात लावू नका.