दुसऱ्या महायुद्धातल्या जीपच्या मागच्या ॲक्सलचे बोल्ट सारखे ढिले होतात. लॉकटाइट लावू की जाड स्प्रिंग वायसर?

तुम्ही लिहिलंय की गाडी १९४४ ची विलीज आहे, मागच्या डाव्या चाकाच्या ॲक्सल फ्लॅंजचे (शाफ्टच्या टोकाची चकती, जी चाकाच्या मधल्या हबवर बसते) सहा बोल्ट दर दोनशे-अडीचशे किलोमीटरला सैल पडतात आणि मिस्त्री जाड वायसर टाकू म्हणतोय.

जाड वायसर नको. आणि लॉकटाइटही, म्हणजे आटे धरून ठेवणारा तो गोंद, आत्ता नको. आधी ते सहा बोल्ट कशासाठी आहेत ते मिस्त्रीला विचारा. "चाक फिरवायला" असं उत्तर आलं तर मिस्त्री बदला.

जरा तिरकस लिहितोय, पण याच सहा बोल्टांवरून आमच्या घरात सहा-सात वर्षं नीट बोलणं नाही, त्यामुळे राहवत नाही.

आमच्याकडे फोर्डची जीपीडब्ल्यू आहे, म्हणजे तुमच्या विलीजची जुळी बहीण. युद्धाच्या काळात दोन्ही कंपन्यांनी मिळून अशा सहा लाखांहून जास्त जीपा काढल्या. आजोबांनी आमची लष्कराच्या डिस्पोजलमधून, म्हणजे जुन्या मालाच्या विक्रीतून, आलेली घेतली, उसाच्या रानात वापरली, मग ती वीस वर्षं गोठ्यामागे पडून होती. माझा थोरला चुलत भाऊ, म्हणजे दादा, त्याने ती बाहेर काढली. खर्च त्याचा, मेहनत निम्मी माझी. मी शिरोली एमआयडीसीत मेंटेनन्सला, त्यामुळे घरात काहीही खोलायचं झालं की हाक मला.

आता फोर्डवाल्यांचं एक खूळ असतं, तुम्हाला माहीत असेल. फोर्डने आपल्या जीपच्या पार्टांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरसुद्धा, 'एफ' उठवलेला आहे. जुन्या गाड्यांच्या रॅलीत जज लोक बॅटरी लावून ते एफ मोजतात. या जीपचा मागचा ॲक्सल फुल फ्लोटिंग (गाडीचं वजन शाफ्टवर नाही, शाफ्ट फक्त चाक फिरवतो), त्यामुळे फ्लॅंज चाकाच्या मधोमध उघडा दिसतो आणि त्याचे सहा बोल्ट थेट डोळ्यांसमोर येतात. दादाने परदेशातून एफवाले जुने बोल्ट मागवले. सत्तर वर्षांचे, कुणाच्या तरी गाडीत आधी किती वेळा आवळलेले, कुणास ठाऊक. एकेका बोल्टला त्याने जे पैसे दिले त्यात मी टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना, घेतला असता. ते बसवले आमच्या भागातल्या एका मिस्त्रीने: खाली दोन पॅकिंगं एकावर एक, मध्ये ग्रीससारखं काहीतरी चोपडलेलं, वर नवे कोरे स्प्रिंग वायसर, आणि लांब पान्याने "कर्र" होईपर्यंत आवळले. मी म्हटलं, टॉर्क बघ. तो म्हणाला, माझा हातच टॉर्क रेंच आहे.

२०१७ च्या महाशिवरात्रीला आम्ही त्या गाडीने कुणकेश्वरला निघालो. दादा, वहिनी, त्यांचा लहाना आणि मी. गगनबावड्याहून करूळ घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो आणि वैभववाडीला चहाला थांबलो. तिथे मला डाव्या मागच्या फ्लॅंजवर प्रत्येक बोल्टाच्या कडेने लाल पूड दिसली. गंजासारखी, पण बारीक, कोकोसारखी, तेलात भिजलेली. दोन लोखंडी तोंडं एकमेकांवर घासायला लागली की अशी पूड पडते. कारखान्यात कपलिंगवर ही पूड दिसली की मी मशीन बंद करतो. दादाला म्हटलं, पाना दे, दहा मिनिटांचं काम आहे. दादा म्हणाला, "देवाला निघालोय, गाडी उघडत बसू नको."

जाताना काही झालं नाही. येताना संध्याकाळी करूळ घाट चढताना, वरच्या एका वळणावर, "टक" असा एकच आवाज आला. इंजिन भुर्रकन वर गेलं आणि गाडी थांबली. नंतर मागे जायला लागली. दादाने पायाचा ब्रेक दाबला, गाडी थांबली, मग त्याने हँडब्रेक ओढला आणि पाय उचलला. गाडी पुन्हा मागे. वहिनी लहान्याला काखेत मारून उडी टाकून उतरल्या आणि चाकामागे लावायला दगड शोधायला लागल्या. दादा पायाचा ब्रेक दाबून तसाच बसलेला, हलता येईना, आणि "हँडब्रेक कालच केलाय, कालच केलाय" एवढंच म्हणतोय.

हँडब्रेकला काही झालं नव्हतं. या जीपचा हँडब्रेक चाकाला नसतो, ट्रान्स्फर केसच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारा गिअरबॉक्स) मागे, मागच्या ॲक्सलकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवर असतो. एका बाजूचा ॲक्सल चाकापासून सुटला की डिफरन्शियलमधून (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारे गिअर) तो सुटा शाफ्ट नुसता गरगरतो. गाडी पुढे ओढली जात नाही आणि हँडब्रेकने धरलीही जात नाही. सहा बोल्ट गेले की तुमची चाल आणि तुमचा हँडब्रेक दोन्ही एकदम जातात. हे वाक्य मी तुमच्यासाठी लिहितोय, कारण प्रश्नात तुम्ही "ढिले झाले की आवळून घेतो" असं सहज लिहिलंय.

मी फ्रंट ॲक्सलचा लिव्हर ओढला. दादाने डांबरी रस्त्यावर फोर व्हील कधी टाकली नव्हती, त्याच्या डोक्यातच आलं नाही. गाडी जरा पुढे-मागे डुलवल्यावर लिव्हर बसला. मग हँडब्रेकने गाडी धरली, कारण फोर व्हीलमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधले जातात आणि ब्रेक पुढच्या चाकांपर्यंत पोचतो. तेव्हा कुठे दादाने पाय उचलला. त्याची पोटरी थरथरत होती.

फ्लॅंज दोन बोटं बाहेर आलेला. सहापैकी दोन भोकं रिकामी आणि आत धूळ-ग्रीसचा काळा थर, म्हणजे ते दोन बोल्ट फार पूर्वीच पडले होते. सकाळी तेलाने माखलेल्या फ्लॅंजवर मी पूड बघितली, पण डोकी मोजली नाहीत, हा माझा गाढवपणा. उरलेले चार तुटलेले. दगड शोधताना वहिनींना रस्त्यावर एक डोकं सापडलं, ते त्यांनी दादाच्या हातात ठेवलं. त्यावर एफ स्वच्छ दिसत होता.

शाफ्ट पूर्ण ओढून काढला, वर्तमानपत्रात गुंडाळून मागे टाकला, हबच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी लावून वरून ट्यूबच्या पट्टीने आवळलं. फुल फ्लोटिंगचा हा फायदा: चाक स्वतःच्या बेअरिंगांवर असतं, शाफ्ट काढला तरी जागचं हलत नाही. लहान्याला घेऊन मी आणि वहिनी घाटमाथ्यापर्यंत चालत गेलो आणि तिथून कोल्हापूरपर्यंत पुढच्या दोन चाकांवर, सहा व्होल्टच्या त्या मिणमिणत्या दिव्यांत, पंचवीसच्या वेगाने आलो. घरी पोचायला अकरा वाजून गेले.

दुसऱ्या दिवशी हबमध्ये अडकलेले तुटके तुकडे काढायला मी ड्रिल आणि एक्स्ट्रॅक्टर घेऊन बसलो. लागलंच नाही काही. खिळ्याच्या टोकाने फिरवले आणि चारही तुकडे आपणहून बाहेर आले. दादा आजही म्हणतो की बोल्ट जुने होते, धातू थकला, नशीब. मी म्हणतो, आवळलेला बोल्ट तुटला तर त्याचा तुकडा खिळ्याने निघेल का? ते आधी ढिले झाले आणि मग तुटले. एफ होता म्हणून तुटले असं मी कधी म्हटलेलं नाही, हे इथे नोंदवतो, कारण नातेवाइकांत तसं पसरवलं गेलंय.

आता कारण. बोल्टांचं काम चाक फिरवणं नव्हे. बोल्ट ताणले जाऊन फ्लॅंज हबवर दाबून धरतात, आणि चाक फिरतं ते त्या दोन तोंडांमधल्या पकडीवर. ती पकड आहे तोवर बोल्टाला आडवा मार बसतच नाही. मध्ये ग्रीस किंवा तेल आलं, पॅकिंग जाड असलं, दाबलं गेलं, की पकड जाते आणि फ्लॅंज सरकायला लागतो: चढताना एका बाजूला, उतरताना इंजिन ब्रेकिंगने दुसऱ्या बाजूला. असं आडवं पुढे-मागे सरकणं बोल्टाला स्वतःहून उलटा फिरवतं. हे गेरहार्ड युंकर या जर्मन इंजिनियरने १९६९ साली मशीनवर करून दाखवलंय. आणि स्प्रिंग वायसरबद्दल नासाचं १९९० चं फास्टनर मॅन्युअल सरळ सांगतं की पूर्ण आवळल्यावर तो चपटा होतो आणि साध्या वायसरसारखाच उरतो, लॉक म्हणून निरुपयोगी. हे मी दादाला छापून दिलं होतं. तो म्हणाला, नासा जीप बनवत नाही.

मी काय केलं: फ्लॅंजची भोकं अंडाकृती झाली होती, तेव्हा दुसरा शाफ्ट शोधला. हबच्या तोंडावर ऑइल स्टोन फिरवून उंचवटे काढले, आटे टॅप फिरवून साफ केले. पॅकिंग एकच, पातळ. तोंडं आणि भोकं ब्रेक क्लीनरने धुतली. पेट्रोलने धुऊ नका, तेलाचा पापुद्रा राहतो. बोल्ट उद्यमनगरातून, डोक्यावर सहा रेघा असलेले ग्रेड ८ चे, इंची बारीक आट्याचे, लांबी नीट मापून. मिलिमीटरचा बोल्ट "बसतोय की" म्हणून कुणी घालू लागला तर हात धरा. आधी कोरडेच टॉर्कला आवळले आणि पन्नास किलोमीटर चालवली, म्हणजे पॅकिंग बसायचं तेवढं बसतं. मग एकेक बोल्ट काढून, पुसून, निळं मध्यम लॉकटाइट लावून पुन्हा टॉर्क, आणि गाडी एक दिवस उभी. लॉकटाइट सुकल्यावर पुन्हा पाना लावायचा नाही, नाहीतर त्याची पकड तुम्हीच तोडता. त्यापुढे पिवळ्या रंगाची एक रेघ बोल्टवरून फ्लॅंजवर ओढायची आणि रेघ तुटली का एवढंच बघायचं. डोकी आरपार ड्रिल करून दोन-दोन बोल्टांना तारही बांधली, ओढ आवळायच्या दिशेने येईल अशी. तारेने आवळ टिकत नाही, बोल्ट रस्त्यावर पडत नाही एवढंच.

तेव्हापासून काही हजार किलोमीटर झाले, त्यात तीनदा करूळ. एक रेघ तुटलेली नाही. पण पुढच्या रॅलीत जजने तार बघून मार्क कापले, आणि दादाने घरी आल्यावर पहिलं काम तार कापायचं केलं. तेव्हापासून त्या गाडीला मी हात लावत नाही. त्याला मी तोडगा सुचवला होता: रॅलीच्या दिवशी ट्रॉलीवर गाडी ने, तिथे एफवाले बोल्ट लाव, घरी येताना काढ. उजव्या बाजूचे सहाच्या सहा एफवाले माझ्या कपाटात श्रीखंडाच्या डब्यात आहेत. सपाट काचेवर लोळवले तर त्यातले दोन लंगडतात, वाकलेत. ते त्याला बघायचे असतील तर डबा कुठे जात नाही.

आता राहिलेल्या गोष्टी. टॉर्कचा आकडा मी देत नाही, तो बोल्टच्या ग्रेडवर आणि आटे कोरडे की ओले यावर बदलतो. तुमच्या जीपच्या लष्करी मॅन्युअलचा, टीएम ९-८०३ चा, आकडा आणि बोल्टच्या ग्रेडचा तक्ता शेजारी ठेवून ठरवा. डाव्या चाकाचे नट उलट्या आट्याचे असतात, त्यावर 'एल' असतो. नव्या पोराच्या हातात पाना देण्याआधी सांगा, आमच्याकडे एक स्टड त्यातच गेला. तुमची गाडी विलीज नसून नंतरची सीजे-३बी निघाली तर वरचं बहुतेक लागू नाही. तिथे टेपर, म्हणजे निमुळत्या टोकाचा ॲक्सल, एकच मोठा नट आणि पिन, आणि तो सुटला तर चाकच सुटतं.

आणि हे खरं तर पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. तुमचे फक्त डावीकडचेच ढिले होतात. चाक जॅकवर घ्या, वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर हबचे बेअरिंग ढिले आहेत, आणि मग प्रत्येक फेऱ्याला हब फ्लॅंजपाशी डुलत असणार. ते नीट ॲडजस्ट केल्याशिवाय नवे बोल्ट घालू नका, तेही अडीचशे किलोमीटरच टिकतील.